टाळेबंदीतला सराव : जुगाड काय केले, कुठं फसले (अनुभव धागा)

पांदणरस्ता
गोठा आवरताना कुटाराच्या (भुशाच्या) ढिगामागून गोळाफेकीचा सिमेंटचा गोळा निघाला. २०२० चा. मैदानाला कुलूप, पोलीस-सैन्य भरतीचा पत्ता नाही, तरी पोट्टे सराव सोडत नव्हते. कशानं काय भागवलं, कुठं मार खाल्ला ते लिहा. रडगाणं नको, मापं द्या.

गोळ्यापासून सुरू करतो. लोखंडी गोळा ७.२६ किलोचा, व्यास ११ ते १३ सेंमी. तेवढ्याच वजनाचा काँक्रीटचा गोळा जवळपास १८ सेंमीचा होतो, कारण काँक्रीट लोखंडापेक्षा तिपटीनं हलकं. साच्याला प्लॅस्टिकचा पोकळ चेंडू चालते. आत पाणी भरून पाहा, ३ लिटर मावलं की माप बरोबर. १ सिमेंट, दीड रेती, ३ बारीक गिट्टी. सात दिवस हौदात बुडवून ठेवायचा. उन्हात वाळवला की पहिल्याच फेकीत तडकते.

आता फसते कुठं: १८ सेंमीचा गोळा बोटांच्या मुळाशी बसतच नाही, तळव्यात जातो. मग मनगट मागं मोडते, कोपर पडते आणि पोरगं ढकलायच्या ऐवजी चेंडूसारखं फेकते. खांदा गेलाच समजा. म्हणून असा गोळा फक्त दोन हातांनी, छातीवरून पुढं किंवा डोक्यावरून मागं. एका हाताचं तंत्र रिकाम्या हातानंच करावं.

बोंडअळी
रेती कुठून आणली बे? घाट तं बंद होते 😂

पांदणरस्ता
ते नको विचारू.

तर्रीपोहा
१६०० मीटरचं बोला. पोलीस भरतीत ५ मिनिटं १० सेकंदांत पूर्ण २० गुण. मोबाईलच्या भरवशावर आखलेला रस्ता ५० मीटर कमी भरला की घड्याळात १० सेकंद फुकटचे मिळतात, आणि खऱ्या मैदानावर तोंड पडते. नायलॉनची दोरी ताणते, तिच्यानंही मोजू नका. सायकल घ्या, हवा टाइट भरा, चाकावर चुन्याची खूण करा, वर बसून १० फेरे चालवा आणि ते अंतर टेपनं मोजा. जुन्या मोठ्या सायकलचा एक फेरा साधारण २.२ मीटर, म्हणजे १६०० ला ७२७ फेरे. मोजायला दुसरा माणूस ठेवा, ३०० नंतर आकडा हमखास चुकते. आणि बसूनच मोजा, वजनानं टायर दबते म्हणून फेरा कमी भरते.

काळीमाती
काळ्या रानात पळू नका, एवढंच सांगतो. मे महिन्यात भेगा अशा पडतात की अख्खा पाय आत जाते. पाऊस पडला की एकेका बुटाला किलोभर गारा. मुरमाची पांदण बरी, पण मधोमध पळा. कडेच्या उतारावर रोज एकाच बाजूनं पळालं की गुडघ्याची बाहेरची बाजू धरते.

पुलअपचा बारही काळ्या मातीत नुसता गाडला तर पावसाळ्यात हलायला लागते, कारण माती फुगते आणि आकसते. अडीच फूट खड्डा, तळाला मुरूम ठोकून वर काँक्रीट. सव्वा इंची जीआय पाईप. पातळ पाईप मधून वाकते.

संत्राबर्फी
पोलिसांच्या दंडुक्याच्या भीतीनं अंधारात पळणाऱ्यांनो, पोलीस बरे बापा. चंद्रपूर-गडचिरोलीकडं मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचा हंगाम, पहाटे वाकून मोहा वेचणारेच वाघाच्या तावडीत सापडतात. तिकडं उजाडल्याशिवाय पांदण धरू नये. आमच्या अमरावतीकडं रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. रोही आडवी आली तर थांबा, हूल देऊन पुढं निघायला जाऊ नका.

बोंडअळी
उजाडलं की दंडुका, अंधारात वाघ. पळावं तरी कवा 😂

आखाडेवाला
कुस्तीत दोन हाताचं अंतर कसं ठेवणार? जोडी ठरवून टाकणं हाच एक उपाय होता. दोघंच, तेच दोघं, त्यांच्या घरात कोणाला ताप आला की बंद. तिसरा आला की हिशेब संपला.

एकट्याला डाव घोटायला पुतळा: जुन्या जीनपॅन्टीत रेती भरली तर ती खाली बसते आणि पुतळा वरून लुळा पडते. रेती ट्रकच्या ट्यूबच्या तुकड्यांत भरून दोन्ही तोंडं तारेनं बांधा, ते कंबरेपाशी ठेवा, बाकी सगळ्या चिंध्या ठासून. २५ किलोच्या वर नेऊ नका, एकट्यानं उचलताना पाठ जाते.

बंद पडलेल्या कुस्तीच्या हौद्याची माती दगडासारखी होते. फावड्यानं फूटभर उलटायची, खडे चाळायचे, संध्याकाळी पाणी, सकाळी परत उलटायची. मग ताक, तेल, हळद. हे न करता उतरलं की कोपरं सोलतात आणि त्यातून गजकर्ण.

वर्धेकर
अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथल्या मंडळींनी १९३६ ला बर्लिनमध्ये प्रात्यक्षिकं दाखवली होती. विषय निघाला म्हणून.

आखाडेवाला
दादा, विषय निघाला नव्हता 🙏

पीटीमास्तर
सगळ्यात मोठा धोका तुम्ही कोणी लिहिलाच नाही. जिमचं बंद शटर. केंद्रानं ५ ऑगस्ट २०२० पासून जिमला मुभा दिली, पण महाराष्ट्रात दसऱ्यापर्यंत, म्हणजे २५ ऑक्टोबरपर्यंत, कुलूपच. तोवर तालुक्याच्या गावांत शटर अर्धं पाडून आत १०-१२ पोरं, एक कूलर. कूलरला मागून मोकळी हवा लागते. बंद खोलीत तो तीच हवा फिरवत बसते, ओल वाढते, वर धापा टाकणं. दक्षिण कोरियात २०२० च्या सुरुवातीलाच फिटनेस डान्सच्या वर्गांतून ११२ जणांपर्यंत लागण पोचली होती. दार उघडं टाकून अंगणात डंबेल मारणारा त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. पण दंडुका पडायचा तो त्यालाच, कारण तो दिसायचा.

दुसरं, कोरोनातून बरं झाल्यावरची घाई. विषाणूनं हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर बाहेरून कळत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून निदान १० दिवस आराम आणि त्यात शेवटचे ७ दिवस एकही लक्षण नको. मग १५ मिनिटं हलकं. २० वर्षांच्या पोराची नाडी १४० च्या आत, म्हणजे १५ सेकंदांत ३५ ठोके. ते दोन दिवस जमलं की ३० मिनिटं, मग ४५, मग ६०, आणि नाडी १६० च्या आत. सकाळी उठल्याउठल्याची नाडी नेहमीपेक्षा ८-१० नं जास्त असली की त्या दिवशी सुट्टी. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर ईसीजी, गोळी खाऊन मैदान नाही.

६ मिनिटं चालून ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९३ खाली गेला किंवा ३ नं घसरला तर पळायचं नाव नको. बोटाला मेहंदी असली की यंत्र चुकते.

तर्रीपोहा
मास्क लावून पळणं? एन-९५ लावून पळणारे पाहिले.

पीटीमास्तर
नको. घामानं ओला झाला की श्वास अडकते. एकटा, मोकळ्यावर, मास्क खिशात. माणूस दिसला की तोंडावर.

संत्राबर्फी
उन्हाचंही लिहा कोणीतरी. १ लिटर पाणी, ६ सपाट लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं जास्त पडलं की उलटी होते. पन्हं चालते, पण त्यात मीठ लागतंच.

काळीमाती
ज्यांचं वय निघून गेलं त्यांचं काय माप द्यायचं? सैन्याचे भरती मेळावे तेव्हा बंद पडले. २०२२ ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना आली, वयाची अट त्या एका वर्षापुरती २१ वरून २३ केली. २४ वाला पोरगा तेव्हाही काँक्रीटचाच गोळा फेकत होता.

आखाडेवाला
खरं हाय भाऊ.

बोंडअळी
पांदणभाऊ, ते कुटार तुरीचं की सोयाबीनचं? विकायचं हाय का?

पांदणरस्ता
तुरीचं. ट्रॉली तुमची आणा. गोळा फुकट.