तळोज्यातल्या चिप पॅकेजिंग युनिटसाठी कोकणातली माणसं: निवडीत काय बघावं, टिकवावीत कशी?

भरती_तळोजा:
डायसिंग (सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर, कापून चिपा सुट्या करणं), डाय अटॅच (चिप धातूच्या पट्टीवर चिकटवणं), वायर बाँडिंग (चिपला बारीक तारा जोडणं), मोल्डिंग (वरून कवच ओतणं), टेस्टिंग असं युनिट आहे, चोवीस तास चालणार. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले आयटीआय आणि डिप्लोमावाले घ्यायचा विचार आहे. मार्कांपलीकडे काय तपासायचं? पाळी कशी लावायची? आणि गणपतीत अर्धी लाइन गावी गेली तर काय?

पाळीपत्रक:
आधी हिशेब, मग जाहिरात. वर्षाचे तास 8760. बारा तासांची पाळी, चार दिवस काम, चार दिवस सुट्टी, म्हणजे माणशी आठवड्याला सरासरी 42 तास, वर्षाला 2184. रजा, आजारपण, प्रशिक्षण मिळून 20 पाळ्या वजा केल्या की उरतात 1944. म्हणजे एका जागेला साडेचार माणसं लागतात. चारच भरली की ज्याची सुट्टी त्यालाच फोन जातो, आणि त्या फोनला कंटाळून पोरं राजीनामे देतात. एचआर मात्र पगाराचं कारण लिहितं.

2-2-3 चं पत्रक (दोन दिवस काम, दोन सुट्टी, तीन काम, पुढच्या आठवड्यात उलटं) लावू नका. त्यात एक आठवडा 60 तासांचा पडतो, दुसरा 24 चा. 4-4 मध्ये कुठलाही आठवडा 48 च्या वर जात नाही. दिवसाची मर्यादा आणि ओव्हरटाइम हा वेगळा विषय, तो कामगार सल्लागाराकडून लेखी घ्या. सलग चार दिवस मिळाले की पनवेलहून रात्रीच्या गाडीनं कुडाळ-सावंतवाडी गाठून, घरचं काम उरकून परत येता येतं.

चिलरवाला:
नुसता इलेक्ट्रॉनिक्स ट्रेड धरून बसू नका. मासळी प्रोसेसिंगमध्ये काम केलेल्या बायकांना केसांची जाळी, मास्क, हातमोजे, पाय बुडवून आत जाणं हे अंगवळणी पडलेलं असतं. क्लीनरूमचा सूट त्या पटकन शिकतात. बर्फ कारखान्यातला कॉम्प्रेसर ऑपरेटर चिलरवर, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रावर, चालतो. लोटे-महाडच्या केमिकल कारखान्यांतला डीएम प्लांटवाला (पाण्यातले क्षार काढणारा) पाण्यासाठी उत्तम, पण एक गोष्ट त्याला समजावून सांगा: डायसिंगच्या पाण्यात मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचा विद्युतरोध खाली आणतात. 18 मेगाओहमचं शुद्ध पाणी तसंच पात्यावर सोडलं तर स्थिर वीज साठून चिप मरते. "जितकं शुद्ध तितकं चांगलं" ही त्याची सवय इथे नडते.

मुलाखतीत इशिहारा चाचणी (रंगांधळेपणाची) आणि जवळची नजर तपासा. मग चांगल्या-वाईट बाँडची, म्हणजे तारेच्या जोडांची, मिसळ असलेली एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली देऊन वीस मिनिटं बसवा. तार जेमतेम 20-25 मायक्रॉनची असते. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनाच दोष सापडतात, शेवटच्या पाचात कोण सोडतो ते बघा. ऑफर देण्याआधी दोन तास सूट घालून उभं करा. काजळ, पावडर, गंध, गजरा, काचेच्या बांगड्या बंद, मंगळसूत्राचा नियम काय, मिश्री-तंबाखूचं काय, हे तेव्हाच तोंडावर सांगा. रुजू झाल्यावर कळलं की वाद होतात.

कॅपिलरी:
नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेऊन किंवा मूळ मार्कशीट अडकवून कोणी टिकत नाही, आणि कागद अडकवणं तर साफ चूक. प्रत्येक मशीनच्या पातळ्या करा: चालवणं, कॅपिलरी (बाँडिंग मशीनमधली तार ज्यातून येते ती बारीक नळी) बदलणं, बिघाड शोधणं. कॅपिलरी बदलल्यावर पहिल्या पट्टीवर वायर पुल (तार ओढून) आणि बॉल शिअर (जोड बाजूनं ढकलून) या ताकदीच्या चाचण्या घेऊन, आकडे मर्यादेत आल्यावरच लाइन सोडली, तर दुसरी पातळी पास. भत्ता त्याच महिन्यापासून. बाँडर, म्हणजे तार जोडणारं मशीन, सेट करता येणाऱ्याला ठेकेदाराच्या हजेरीवर ठेवू नका, गुजरातमधल्या साणंदच्या चिप प्लांटांना हाच माणूस हवा असतो.

भरती_तळोजा:
हे पटलं. गणपतीचं राहिलंच.

पाळीपत्रक:
वेफर फॅब (वेफरवर चिपा घडवणारा कारखाना) असतं तर लाइन थांबवणं परवडलं नसतं, पॅकेजिंगमध्ये थोडी मोकळीक आहे. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरला. आठवडाभर आधी डायसिंगला माल कमी सोडा, म्हणजे चालू माल मोल्डिंगपार होईल. उघड्या चिपांच्या पट्ट्या बाँडिंगआधी पडून राहता कामा नयेत. चिप चिकटवायची सिल्व्हर पेस्ट फ्रीझरमधून काढली की तिचे तास मोजले जातात, ती तेवढ्यापुरतीच काढा. त्या दिवसांत टेस्टिंग चालू ठेवा, त्याला माणसं कमी लागतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांशी पाळ्यांची अदलाबदल ईद-नाताळच्या बदल्यात आधीच लिहून ठेवा.

चिलरवाला:
शिमगा त्या मानानं सोपा. पालखी घरी येण्याचा दिवस गावागणिक वेगळा, त्यामुळे रजा आपोआप विखुरतात. भरतीच्या अर्जात गाव आणि वाडी दोन्ही विचारा.