लिनक्स फोनवर सगळ्या जोडण्यांसाठी एकच डीएनएस कसा ठेवायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पाइनफोन हा लिनक्सवर चालणारा फोन आहे, त्यावर मोबियन (फोनसाठीचं डेबियन लिनक्स) आणि फॉश (पडद्यावरची मांडणी). मुक्काम घाटंजी तालुक्यातल्या खेड्यात, जिल्हा यवतमाळ. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' ही सोय आहे. तिथे एकदा सर्व्हरचं नाव भरलं की वायफाय असो वा मोबाईल डेटा, सगळीकडे तेच चालतं. मला या फोनवर तेवढंच हवंय, पण ती एक जागा काही सापडत नाहीये.

घरी ब्रॉडबँड नाही, सगळा कारभार सिमवर. वावरात धुऱ्यावर उभं राहिलं की फोरजी मिळतं, घरात आलं की टूजी, नाहीतर तेही नाही. लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. फोन झोपेतून उठला की मॉडेम पुन्हा जोडला जातो. संध्याकाळी बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट, तालुक्याला गेलो की अभ्यासिकेचं वायफाय. म्हणजे दिवसभर जोडणी तुटते, जुळते, आणि दर वेळी ईटीसीमधली रिझॉल्व्ह.कॉन्फ फाईल (कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते हिच्यात असतं) नव्यानं लिहिली जाते. सिस्टमडी-रिझॉल्व्ड (नावं उलगडणारी वेगळी सेवा) माझ्याकडे चालू नाही. फाईल नेटवर्कमॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा प्रोग्रामच लिहितो, पहिल्या ओळीत तसं नमूदही आहे.

त्रास असा की मोबाईल डेटावर १.१.१.१ ला (क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक डीएनएस) पिंग व्यवस्थित जातं, पण नावानं काही उघडायला गेलं की अडतं. 'डिग'ला (डीएनएसला विचारणा करणारी आज्ञा) थेट १.१.१.१ कडे पाठवलं तर उत्तर लगेच येतं. तेच नाव 'गेटएन्ट होस्ट्स'नं, म्हणजे फोनच्या नेहमीच्या वाटेनं, विचारलं की पाच सेकंद शांतता, मग उत्तर. पाच सेकंद हा ग्लिबसीचा (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) ठरलेला टाइमआउट आहे. फाईलमधला पहिला नेमसर्व्हर बोलला नाही की तेवढं थांबून तो दुसऱ्याला विचारतो. म्हणजे सिमबरोबर येणाऱ्या दोन सर्व्हरांपैकी पहिला मुका आहे, असा माझा अंदाज.

पाच सेकंदांचं एवढं काय, असं वाटेल. पण एका पानामागे पाच-सात वेगवेगळी नावं असतात, चित्रं एकीकडून, फॉन्ट दुसरीकडून, आणि प्रत्येक नावाला ही वाट बघणं आलंच. कापसाच्या दिवसांत बाबा सकाळी पांढरकवडा आणि राळेगावचे भाव बघूनच गाडी कुठं न्यायची ते ठरवतात. गाडीवाला दारात उभा असतो आणि पान पांढरंच्या पांढरं. हा फोन मी हौसेनं घेतलाय आणि घरातल्यांनीही तो भरवशानं वापरावा असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे नीट लावायचंय.

आतापर्यंत केलेलं: सेटिंग्जमध्ये वायफायच्या आयपीव्ही४ पानावर ऑटोमॅटिक डीएनएस बंद करून आपले पत्ते टाकले. चाललं, पण त्या एकाच वायफायपुरतं. मोबाईल डेटाच्या पानावर एपीएन (सिम कंपनीच्या नेटचं नाव) आहे, डीएनएसचा रकानाच दिसत नाही. मग टर्मिनलमधून एनएमसीएलआय या नेटवर्कमॅनेजरच्या आज्ञेनं सिमच्या जोडणीला 'आयपीव्ही४.डीएनएस' दिलं आणि 'इग्नोर-ऑटो-डीएनएस' यस केलं. तेही चाललं, पण सिम बदललं किंवा नवा हॉटस्पॉट जोडला की पुन्हा पहिल्यापासून. 'सीएचएटीटीआर'नं फाईलला कुलूप लावा असा सल्ला काही ठिकाणी वाचला, तो मला पटत नाही. नेटवर्कमॅनेजरशी भांडण्यापेक्षा त्यालाच सांगता आलं पाहिजे.

तर जाणकारांनो, एकाच ठिकाणी सांगायची सोय आहे का? आणि दुसरी शंका: माझ्या सिमवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) पत्ता मिळतो. बाहेरचा डीएनएस लावल्यानं त्यात काही बिघडेल का?

प्रतिसाद

भाऊ, सोय आहे. ईटीसी, नेटवर्कमॅनेजर, त्यात कॉन्फ.डी फोल्डर. तिथे .कॉन्फ शेवट असलेली नवी फाईल करा. चौकटी कंसात 'ग्लोबल-डीएनएस-डोमेन-*' असं मथळ्याचं नाव आणि खालच्या ओळीत 'सर्व्हर्स=' पुढे १.१.१.१,९.९.९.९. ती चांदणी विसरू नका. चांदणीचा विभाग नसेल तर नेटवर्कमॅनेजर ही सगळी मांडणीच बाजूला ठेवतो. मग 'एनएमसीएलआय जनरल रीलोड'. हे लागू झालं की जोडणीगणिक मिळालेले सर्व्हर धरले जात नाहीत, मग सिम कोणतंही असो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. लॉगिनचं पान दाखवणारं वायफाय असेल, तर ते पान बरेचदा तिथल्याच डीएनएसवर अवलंबून असतं. तेवढ्यापुरती फाईल बाजूला करून रीलोड करावं लागेल.

प्रतिसाद

वरचं बरोबर आहे, पण आयपीव्ही६ची शंका हलक्यात घेऊ नका. काही मोबाईल नेटवर्क फोनला फक्त आयपीव्ही६ देतात आणि जुन्या आयपीव्ही४ साइटींपर्यंत एनएटी६४नं (मध्ये पत्ते बदलून देणारी सोय) पोचवतात. तिथे कंपनीचा डीएनएस त्या साइटींसाठी आयपीव्ही६चे पत्ते स्वतः तयार करून देतो, याला डीएनएस६४ म्हणतात. बाहेरचा साधा डीएनएस हे करत नाही, त्यामुळे निम्म्या साइटी उघडतात आणि निम्म्या नाही, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

तपासायचं असं: ग्लोबल फाईल टाकण्याआधी मोबाईल डेटावर 'आयपीव्ही४ओन्ली.आर्पा' या नावाचा 'एएएए' रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्त्याची नोंद) विचारा. या नावाला फक्त आयपीव्ही४ पत्ते आहेत. तरीही आयपीव्ही६ उत्तर आलं तर डीएनएस६४ चालू आहे. उत्तर ६४:एफएफ९बी:: नं सुरू होत असेल तर गूगल किंवा क्लाउडफ्लेअरचे डीएनएस६४चे वेगळे पत्ते चालतील. दुसराच उपसर्ग असेल तर मोबाईल डेटावर कंपनीचाच डीएनएस राहू द्या.

पुढे कधी सिस्टमडी-रिझॉल्व्ड बसवलं (डेबियन १२ पासून ते वेगळं पॅकेज आहे), तर पत्ते त्याच्या रिझॉल्व्ड.कॉन्फमध्ये टाका आणि 'डोमेन्स=~.' ही ओळ जोडा. त्यातच 'डीएनएसओव्हरटीएलएस' (डीएनएसची विचारणा कूटबद्ध करणं) आहे. टूजीवर मी 'अपॉर्च्युनिस्टिक' (जमलं तरच कूटबद्ध) ठेवीन. 'यस' केलं आणि त्याला लागणारं ८५३ पोर्ट अडवलेलं निघालं तर नावं अजिबात उलगडणार नाहीत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आधी आर्पावाली तपासणी केली. आयपीव्ही६ उत्तर आलं नाही आणि सिमवर आयपीव्ही४ पत्ताही मिळतोय, त्यामुळे ग्लोबल फाईल टाकली. आता गेटएन्ट लगेच उत्तर देतो, धुऱ्यावरही आणि घरातही. विमान मोड लावून काढला, बाबांचा हॉटस्पॉट जोडला, तरी रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये तेच दोन पत्ते आहेत. टूजीचा संथपणा आहे तसाच आहे, पण सुरुवातीची ती अडखळ गेली.

आता अभ्यासिकेच्या लॉगिन पानाचं तेवढं राहिलं. नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर.डी फोल्डरमध्ये (जोडणी जुळली-तुटली की इथल्या स्क्रिप्ट चालतात) स्क्रिप्ट टाकून, ठरावीक वायफायला जोडलं की फाईल आपोआप बाजूला आणि तुटलं की पुन्हा जागेवर, असं कोणी केलं असेल तर कृपया इथे द्या.