'कोरस'च्या जागी सरसकट 'समूहगान' लिहावं का?

झीलकरी :
आमच्या मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत एका गाण्यापुढे 'कोरस : मंडळाचे सभासद' असं होतं. एका ज्येष्ठ सभासदांनी ते खोडून 'समूहगान' केलं. भाषेच्या प्रेमापोटीच केलं, पण मला ते पटत नाही. समूहगान म्हणजे सगळ्यांनी मिळून पहिल्यापासून शेवटपर्यंत गायचं गाणं, शाळेतल्या प्रार्थनेसारखं. इथे गायिका एकटी गाते, बाकीचे फक्त मागून ओळ उचलतात.

इंग्रजीत गाणारा गट, त्या गटासाठी बांधलेली रचना आणि गाण्यात फिरून येणारी ओळ, तिन्हींना कोरसच म्हणतात. आपल्याकडे ओळीला ध्रुवपद आहे, पालुपद आहे. गाथ्यात अभंगाच्या ओळीपुढे 'ध्रु' छापलेलं असतं ते हेच. पोवाड्यात शाहिरामागे 'जी जी रं जी' म्हणणारे झीलकरी, कीर्तनात ध्रुवपद धरणारे टाळकरी, तमाशात सुरत्या. जिथे जे काम तिथे तो शब्द वापरावा. 'कोरस'ही नको आणि सगळ्याला एकच 'समूहगान'ही नको.

रेकॉर्डिंगवाला :
साफ असहमत. टेबल आणि पेन जसे मराठी झाले तसा कोरसही झालाय. स्टुडिओत आठ जणींना मागे गायला बोलावतात तेव्हा 'कोरसला ये' असंच सांगतात. त्या मुली काही झील धरत नाहीत. कधी नुसता 'आ...' असा आकार लावतात, कधी गायिकेच्या ओळीखाली दुसरीच ओळ गातात. शिवाय कीबोर्डवर कोरस नावाचं बटण असतं. एकाच आवाजाच्या प्रती सुरात आणि वेळेत किंचित मागेपुढे करून तो अनेकांचा भासवायचा, हे त्याचं काम. त्याला ध्रुवपद म्हणणार का?

नाट्यवेडी :
तुम्ही दोघंही गाण्यातच अडकलात. मूळ ग्रीक शब्द खोरोस, आणि त्यात आधी नाच आहे. तो समूह ज्या मोकळ्या जागेत नाचायचा तिचं नाव ऑर्केस्ट्रा. वाद्यवृंद हा अर्थ फार नंतरचा. शोकांतिकेतला हा समूह 12 जणांचा होता, तो ग्रीक नाटककार सोफोक्लीसने 15 चा केला असं सांगतात. हे लोक गात, नाचत, पात्रांशी बोलत, घडणाऱ्या गोष्टीवर मत देत.

आपल्याकडे 1972 चं 'घाशीराम कोतवाल' आठवा. ब्राह्मणांची ती रांग गाते, डोलते, पाठ फिरवून भिंत होते आणि क्षणात पुण्याची गर्दी होते. त्या रांगेला समूहगान म्हटलं तर नाटकाचा कणाच निघून जातो. मला तिथे कोरस हवाच.

वसईकर :
कॉयर, म्हणजे चर्चमधला गाणारा गट, कुणाच्याच बोलण्यात आला नाही. शब्द त्याच मुळातला, पण चर्चमध्ये गाणारे जिथे बसतात त्या जागेलाही इंग्रजीत कॉयर म्हणतात. आमच्याकडे मोठी माणसं गायकवृंद म्हणतात, मुलं कॉयर. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा उंच आवाजापासून खालच्या आवाजापर्यंतच्या चार सुरावटी एकाच वेळी चालतात आणि एक जरी ढळली तरी सगळं विस्कटतं. वर्षानुवर्षं आल्टो गाणाऱ्या बाईला 'समूहगानात गाते' म्हटलं की तिची मेहनतच पुसली जाते, कारण आपल्या समूहगानात बहुतेक वेळा सगळे एकाच सुरावटीत असतात.

झीलकरी :
@नाट्यवेडी, मान्य. नाटकापुरता माझा आग्रह सोडला. कॉयरचं म्हणणंही पटलं. @रेकॉर्डिंगवाला, तुमचं स्टुडिओपुरतं ठीक आहे. पण गणपतीत एक जण कडवं म्हणतो आणि 'जय देव जय देव'ला सगळं घर उचलून धरतं, तिथे तुम्ही कोरस म्हणाल? आपल्याकडे 'री ओढणे' हा वाक्प्रचार आहे. गाण्यातल्या या कामाची जाण नसती तर तो भाषेत आलाच नसता.

रेकॉर्डिंगवाला :
आरतीत नाही म्हणणार, तिथे कुठलाच शब्द लागत नाही. पण 'री ओढणे' नीट ऐका. त्यात मागे गाणाऱ्याला स्वतःची अक्कल नाही असाच सूर आहे. पालुपदाचंही तेच, 'तुझं पालुपद पुरे' असंच आपण म्हणतो. कोरसमध्ये असा कमीपणा नाही. मागे गाणाऱ्यांसाठी मी तोच शब्द वापरणार.

वसईकर :
@झीलकरी, मग पत्रिकेत शेवटी काय छापलं?

झीलकरी :
'गायनसाथ', आणि खाली अकराही जणांची नावं.