फ्लोअर हीटिंग चालू, तरी एक खोली गारच?

प्रश्न: मंडळी, आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ नवीन भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलोय, फरशीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत, हॉल मस्त उबदार पण बेडरूम गारच, थर्मोस्टॅट २५ वर ठेवला तरी फरशी हाताला थंड लागते. पुढच्या आठवड्यात पुण्याहून आई येतेय, तिचे गुडघे दुखतात म्हणून जीवाला घोर लागलाय. काय बघू?

उत्तर १: भिंतीतली पेटी उघडा, तिच्यात मॅनिफोल्ड असतो, म्हणजे गरम पाणी खोल्याखोल्यांच्या पाइपांत वाटणारी जोडणी. प्रत्येक लूपवर (फरशीखालच्या पाइपच्या एकेका वेटोळ्यावर) छोटी पारदर्शक नळी असते, पाणी किती वाहतंय ते तिच्यावर दिसतं. बेडरूमची शून्यावर असेल तर व्हॉल्व्हची पिन अडकली असेल नाहीतर लूपमध्ये हवा असेल. आमची पिन उन्हाळाभर बंद राहून चिकटली होती, वरची टोपी काढून हलकेच दाबली तर सुटली. घरमालकाला विचारूनच हात लावा.

उत्तर २: आणि थर्मोस्टॅट सारखा वरखाली करू नका हो! पाणी जेमतेम ३५-४० अंशांचं असतं, वरचा सिमेंटचा थर तापायलाच कित्येक तास जातात. जाड गालिचा असेल तर आधी गुंडाळा, ऊब खालीच अडते.

प्रश्नकर्ता: नळी शून्यावरच होती! मालकांना फोन केला, त्यांच्या माणसाने पिन सोडवली, रात्री फरशी कोमट लागली. खूप खूप आभार.