आयुष्यभर तिरड्या बांधणाऱ्या काकांना 'नगरभूषण' द्यायचा की नाही?

कृष्णाकाठचा
मंडळी, आमचं गाव तालुक्याचं, पंचवीस-तीस हजार वस्तीचं, नाव मुद्दाम लिहीत नाही. नगरपरिषद दरवर्षी १ मेला एकाला नगरभूषण देते, मधे प्रशासक होते तेव्हा बंदच पडलं होतं, आता नवीन बॉडी आलीय म्हणून परत सुरू करणारेत. आणि नावं तीच यायला लागलीत, अमक्या संस्थेचे चेअरमन, तमक्या पतसंस्थेचे संस्थापक.

माझ्या डोक्यात एकच माणूस आहे. वय सत्तरीच्या पुढं. गावात मयत झालं की घरातलं रडणं सुरू व्हायच्या आत ज्याला फोन जातो तो माणूस. चाळीस वर्षं झाली, कळक कुठनं आणायचे, कामट्या किती, सुतळीची गाठ कशी मारायची की चढावर तिरडी घसरणार नाही, मडकं, गोवऱ्या, कापड, गुलाल, सगळं त्यांच्या डोक्यात. लिंगायत समाजात बसवून दफन करतात तर त्याची तयारी वेगळी, तीही त्यांना येते, कुणाच्या घरात काय पद्धत हे त्या घरातल्या पोरांना माहीत नसतं पण काकांना माहीत असतं. माझे वडील गेले तेव्हा मी पुण्याहून पोचायला रात्रीचे दोन वाजले, काका ओट्यावर बसून होते, म्हणाले पोरा आधी पाणी पी, बाकीचं मी बघतो. पैसे कधी घेतले नाहीत, सामानाचे तेवढे घेतात आणि ज्याच्याकडं नसतील त्याच्याकडनं तेही नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये सख्खी माणसं लांब उभी राहत होती तेव्हाही ते पीपीई किट घालून नगरपरिषदेच्या पोरांबरोबर जात होते.

माझं म्हणणं, यंदाचा मान त्यांचाच. तुमचं मत सांगा, विरोधात असेल तरी सांगा.

चौकातला एक
विरोधात आहे, स्पष्टच सांगतो. काकांच्या नाही, सत्काराच्या विरोधात. मी असले कार्यक्रम पोटभर बघितलेत राव. चारचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो कारण साहेब आले नाहीत, म्हातारा माणूस कडक इस्त्रीत घामाघूम होऊन बसलेला असतो, मग अकरा जणांची भाषणं आणि ज्याचा सत्कार त्याला शेवटी दोन मिनिटं, तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. फ्लेक्सवर नेत्यांचे फोटो डोक्याएवढे आणि सत्कारमूर्तीचा पासपोर्ट साईझ. आमच्या चुलत्यांच्या कपाटात सतरा शाली आहेत, सतरा, आणि शेवटच्या वर्षी डायलिसिसला न्यायला रिक्षाचे पैसे आम्ही भावकीत गोळा केले. ज्या संस्थांनी शाली दिल्या त्यातला एक माणूस दवाखान्यात आला नाही. काकांसाठी खरंच काही करायचंय तर वर्गणी काढा, मेडिक्लेम काढा, महिन्याचं औषध बघा. शाल नको.

माहेरवाशीण
चौकातले दादा, तुमचा राग कळतो पण तुम्ही सगळ्या सत्कारांना एकाच पोत्यात घातलंत. माझी आई शेजारच्या खेड्यात अंगणवाडी सेविका होती, ३३ वर्षं. पगार नाही, मानधन. २०२३ ला सरकारनं अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीनिमित्त प्रत्येक ग्रामपंचायतीत दोन महिलांना सन्मान द्यायचं ठरवलं, त्यात आईचं नाव आलं. लहानसा कार्यक्रम, ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर, मांडव पण नव्हता. पण जी पोरं तिनं मांडीवर घेऊन वजनकाट्यावर ठेवली ती आता मिशावाली झालेली, ती समोर बसून टाळ्या वाजवत होती. ते प्रमाणपत्र तिनं टीव्हीच्या वर लावलंय, आल्यागेल्याला दाखवते. ३३ वर्षात तिला कुणी "बाई तुमचं काम चांगलं आहे" असं सगळ्यांसमोर म्हटलं नव्हतं हो. माणसाला भाकरी लागते तसं हेही लागतं. तुमच्या चुलत्यांना दवाखान्यात कुणी आलं नाही हे वाईटच, पण म्हणून त्यांना शाल दिली ती चूक झाली असं नाही होत.

चौकातला एक
ताई, आईंबद्दल पूर्ण आदर. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते हे सुप्रीम कोर्टाला २०२२ मध्ये सांगावं लागलं, तोवर सगळे त्यांना सेवाभाव सेवाभाव म्हणत मानधनावरच राबवत होते. सेवेचं कौतुक जितकं जोरात तितकं देणं लांबणीवर, हे मी बघत आलोय. मान दिला की हिशेब मिटला असं वाटतं लोकांना. माझी भीती ती आहे.

निवृत्त कारकून
मी नगरपालिकेत २९ वर्षं नोकरी केलीय, दुसऱ्या गावात, त्यामुळं या याद्या कशा होतात ते आतून माहीत आहे. काकांच्या नावाला माझा पाठिंबाच, कारण ते काम त्यांच्यावर कुणी सोपवलेलं नव्हतं. पण एक धोक्याची सूचना. एकदा असा पायंडा पडला की पुढच्या वर्षी लोक पाणी सोडणाऱ्याचं नाव घेऊन येतील, मग सफाईचा मुकादम, मग सिस्टर. या सगळ्यांना पगार होता, पेन्शन आहे, निरोप समारंभ झालाय. नेमून दिलेलं काम केलं म्हणून नगरभूषण द्यायचं का? पद्म पुरस्कारातसुद्धा नोकरीत असलेला सरकारी माणूस चालत नाही, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून. त्या नियमामागं विचार आहे. पगारी काम आणि पदरचं काम यात फरक राहिला पाहिजे.

जॅकवेलजवळ राहणारा
कारकून साहेब, तुमचा नियम तुम्हीच नीट वाचा, नोकरीत "असलेला" चालत नाही, निवृत्त झालेला चालतो. आणि पाणी सोडणाऱ्याचं नाव तुम्ही सहज घेतलंत म्हणून लिहितो, कारण आमच्याकडचे व्हॉल्व्हमन माझ्या घरासमोरनं जायचे. पहाटे साडेतीनला सायकल, खांद्यावर ती लोखंडी चावी. आमची गल्ली शेवटची, चढावरची, पाणी कधीच पुरेसं यायचं नाही, तर हा माणूस खालचा व्हॉल्व्ह किती आटे बंद केला की वर प्रेशर येतं हे वहीत लिहून ठेवायचा, उन्हाळ्याचं वेगळं पावसाळ्याचं वेगळं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा, सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमच्याकडं नदीतनं गावाला पाणी उचलायची जॅकवेल पाण्याखाली. सगळीकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी अवस्था. तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झालेला हा माणूस स्वतः होऊन आला, कारण जमिनीखाली जुनी लाईन कुठनं गेलीय हे नकाशात नव्हतं, त्याच्या डोक्यात होतं. नवीन पोरांना हातानं दाखवत फिरला चार दिवस. याला कुठल्या पगारात बसवायचं सांगा.

निवृत्त कारकून
पुराच्या वेळचं वाचून मी गप्प झालो, खरं सांगतो. त्या माणसाला द्याच. फक्त देताना त्या चार दिवसांसाठी आणि त्या वहीसाठी द्या, "३४ वर्षे प्रदीर्घ सेवा" असं छापू नका. प्रदीर्घ सेवा माझीही झालीय, आणि त्यातली निम्मी मी टेबलावर फायली सरकवण्यात घालवली, मला नगरभूषण कुणी दिला तर मी घेणार नाही.

वाचनालयातली
कारकून काका मुद्द्याचं बोलले. माझी तक्रार मानपत्रांबद्दलच आहे. पूर्वी मानपत्र म्हणजे गावातला भाषा येणारा माणूस बसून लिहायचा, माणसानं काय केलं ते त्यात असायचं. आता दुकानात तयार मजकूर मिळतो, "आपल्या कार्यकर्तृत्वाचा सुगंध सर्वदूर दरवळत आहे", फक्त नाव बदलायचं. मग पन्नास वर्षांनी कुणी ते वाचलं तर कळणार काय की हा माणूस तिरडी बांधायचा की पतसंस्था चालवायचा? काकांना काय द्यायचं ते द्या पण आधी त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या. कुठल्या समाजात काय पद्धत, पुरात मयतं कुठं नेली, कोविडमध्ये काय झालं. हा गावाचा इतिहास आहे, तो कुठल्याच दप्तरात नाही. लिहिलेलं वाचनालयात ठेवा, तो खरा सत्कार.

मागच्या आळीचा
सगळे गोड बोलताहेत म्हणून मी जरा कडू बोलतो. हे काका कुठल्या आळीत राहतात? गावात चाळीस वर्षं ज्यांच्या घरची मर्तिकं त्यांनी उरकली त्यातल्या किती घरांनी लग्नाची पत्रिका दिली? शुभकार्यात हा माणूस दारात आला तर चेहरे कसे होतात ते मी पाहिलंय, कारण आमच्याकडंही असे एक होते, माझे आजोबाच. मयताला पहिला फोन आणि बारशाला नाव नाही. स्टेजवर बोलवून शाल घालणं सोपं आहे कारण स्टेज सार्वजनिक असतं, घर नसतं. मी सत्काराच्या विरोधात आहे ते एवढ्यासाठी. आधी पंगतीला बसवा.

धोंडो केशव कर्व्यांचंच बघा. गावासाठी मुरूड फंड काढला त्यांनी, आणि १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तर त्याच मुरूडनं बहिष्कार टाकला. भारतरत्न १९५८ ला मिळालं, शंभराव्या वर्षी. दिल्लीनं दिलं ते चांगलंच, पण गावानं जे नाकारलं होतं ते दिल्लीच्या हातात नव्हतं.

वाचनालयातली
तुमचं प्रत्येक वाक्य पटलं, शेवटचा निष्कर्ष सोडून. तुम्ही कर्वे सांगितलेत, मी जोतीराव सांगते. ११ मे १८८८, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात सभा भरली आणि लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. सरकारनं नाही, लोकांनी. ज्यांच्यासाठी ते चाळीस वर्षं खपले तीच माणसं समोर होती. दोन वर्षांनी, १८९० ला ते गेले. म्हणजे हयातीत झालं, आणि आपल्या माणसांकडनं झालं. तेव्हा सगळ्या समाजानं त्यांना पंगतीला घेतलं होतं का? अजिबात नाही. त्यासाठी थांबले असते तर ती सभा झालीच नसती. मान आधी द्यायचा की मन आधी बदलायचं, मला वाटतं आधी देऊन टाकावा, तुमच्या आजोबांना कुणी दिला असता तर तुम्हाला आज काही वेगळं वाटलं असतं का, हे मनापासून विचारतेय.

मागच्या आळीचा
वाटलं असतं. खोटं कशाला बोलू. ते गेल्यावर शोकसभेत एकानं त्यांचं नाव घेतलं तेव्हा आजी उठून आत गेली होती.

पंचायत समितीवाला
थोडं प्रॅक्टिकल बोलतो. नाव कुणाचंही असो, निवड कोण करतं त्यावर सगळं आहे. पद्मसाठी आता कुणीही कुणाचंही नाव ऑनलाईन पाठवू शकतं, स्वतःचंसुद्धा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे २०२० च्या यादीत आल्या, बीडकडचे गाई सांभाळणारे शब्बीर मामू २०१९ च्या, अशी नावं आली की बरं वाटतं. गावातच उलटं, कमिटीत सगळे एकमेकांचे, यंदा तुझा काका पुढच्या वर्षी माझा मामा. तेव्हा प्रत्येक वॉर्डातनं लेखी नावं मागवा, कारणासहित, आणि निवडणूक लढवलेल्या माणसाला पाच वर्षं बाहेर ठेवा. आणि मरणोत्तर बंद करा, गेलेल्या माणसाच्या नावानं चौक करायला सगळे पुढं कारण तो परत बोलत नाही.

कृष्णाकाठचा
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. काल संध्याकाळी काकांकडं जाऊन आलो, म्हटलं आपण इथं भांडतोय, त्यांना तर विचारू. आधी हसले. मग म्हणाले शाल दे नाहीतर देऊ नको, पण वैकुंठातल्या शेडचे पत्रे गेल्या वळवात उडालेत ते अजून तसेच आहेत, पावसात सरण पेटत नाही, मागच्या जुलैत एका म्हातारीला पहाटेपर्यंत ताडपत्री धरून उभे होतो आम्ही. आणि दुसरं म्हणाले, मला दोन पोरं द्या. माझ्या हाताला आता कंप आहे, गाठ सैल पडायला लागलीय, कुणाला तरी शिकवून जातो. पोरं शहरातली असली तरी चालतील, पण फोन केल्यावर आली पाहिजेत. बाकी बोलणं मिरचीच्या दरावर गेलं.

मी तरी अर्ज देणारच आहे. नाव त्यांचं, आणि अर्जाच्या खालीच शेडच्या पत्र्यांची मागणी. कारकून साहेब, ठरावाचा मसुदा बघून द्याल का.

निवृत्त कारकून
देतो. पण दोन विषय एकाच अर्जात घालू नका, शेड बांधकाम विभागाकडं जाईल आणि पुरस्काराचं कागद त्याच्यामागं अडकेल. दोन वेगळे अर्ज, दोन्हीवर आवक नंबर घ्या.

माहेरवाशीण
आणि काकूंना कुणी विचारलं का? रात्री-अपरात्री घरी आल्यावर दारातच आंघोळीचं पाणी कोण काढून ठेवत असेल चाळीस वर्षं. खुर्च्या दोन ठेवा.

मागच्या आळीचा
गाठी शिकायला मी येतो. आजोबांनी थोड्या शिकवल्या होत्या, विसरलोय. महिन्यातनं दोन रविवार गावाकडं असतो.

चौकातला एक
पत्र्यांसाठी माझे पाच हजार धरा, उद्याच पाठवतो. शालीसाठी एक रुपया देणार नाही.