कपाटात 112 साड्या, नेसण्यातल्या 14

सेलूची लेक, परभणी

दिवाळीच्या सुट्टीत लोखंडी कपाट पूर्ण रिकामं केलं. साड्या पलंगावर मांडून मोजल्या तर 112 निघाल्या. शाळेत मी आलटूनपालटून नेसते त्या 14, सगळ्या सुती. त्या धरून मी स्वतः दुकानात जाऊन घेतलेल्या 37. उरलेल्या 75 आलेल्या आहेत. ओटीत, वास्तुशांतीला, भाच्याच्या लग्नात मानाच्या, 2023 च्या धोंड्याच्या महिन्यात. त्यातल्या बऱ्याच 'द्यायच्या' म्हणूनच घेतलेल्या असतात, पातळ, घाम न पिणाऱ्या. आमच्याकडच्या मे महिन्यात त्या दहा मिनिटं अंगावर सहन होत नाहीत.

माझी आई शेवटची काही वर्षं लातूरला भावाकडे होती. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती दोन लुगड्यांवर राहिली. एक नेसूचं, एक वळणीवर. धुतलेलं पाणी संडासाला. त्यातलं हिरवं इरकल माझ्याकडे आहे. पदराच्या कोपऱ्याला गाठ मारून ती पैसे ठेवायची. तो कोपरा इतका मुरगळलाय की इस्त्रीनंही सरळ होत नाही. काठाजवळ लुगडं विरलंय, नेसता येत नाही.

मला मनापासून कमी करायचंय. पण सासूबाई म्हणायल्यात, आहेराची साडी घराबाहेर काढू नये, देणाऱ्याचा अपमान होतो. काय ठेवू, कुठं देऊ? आणि आईच्या लुगड्याचं काय करू?

गंगाकाठ, नांदेड

ताई, तुम्ही 75 साड्या काढल्या तरी दोन वर्षांत तेवढ्याच परत येतील. आधी येणं थांबवा. 2026 ला ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे पुन्हा ढीग.

आम्ही चुलत जावा-नणंदांनी बसून ठरवलं, ओटीला नारळ, तांदूळ आणि खण. साडी नाही. पहिल्या वर्षी थोरल्या आत्याबाई फार दुखावल्या. लेकीच्या ओटीत नुसता खण बघून त्या जेवल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ बसून विचारलं, तुम्हाला आलेल्या साड्यांतल्या किती नेसल्या? त्यांनी ट्रंक उघडून दाखवली. कितीतरी साड्यांची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पुढच्या कार्यात त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. बायकांनी बायकांशी समोरासमोर बोलल्याशिवाय हे होत नाही, पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापून भागत नाही.

सासूबाईंना डावलू नका. त्यांच्या हातानंच द्या.

उमरग्याची

मी गोधड्या शिवते, म्हणून तेवढंच सांगते. सिंथेटिक साडी गोधडीला चालत नाही. आतून घसरते, धावदोरा धरत नाही, अंगाला गरम लागते. सुती पाच-सहा लागतात, मऊ पडलेल्या. नवी असेल तर दोनदा धुवून खळ काढा, नाहीतर सुई जात नाही.

सिंथेटिक साड्या गावाकडं द्या. आमच्या भागात हरभऱ्याच्या, भुईमुगाच्या शेताभोवती काठ्या रोवून साड्या ताणतात. रानडुकरं, हरणं बिचकतात. शेतकरी घरोघर मागत फिरतात. बोहारणीला देऊन एक पातेलं घेण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. चांगल्या असतील त्या मात्र विचारून, धुवून, इस्त्री करून द्या. फाटकं कुणालाही नेसायला देऊ नका.

इरकलचं अंग आणि पदर एकसंध नसतात. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा वेगळा असतो, विणताना फासे अडकवून जोडतात. हात फिरवा, रेघ लागेल. त्या रेघेवर कापलं तर पदर अख्खा राहतो. सुती अंग गोधडीला घ्या.

पैठणहून

एक पैठणी असेलच, ती ठेवा, पण प्लास्टिकच्या पिशवीत नको. मऊ सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर त्याच रेघेवर रेशीम तुटतं.

सेलूची लेक, परभणी

तिघींनाही मनापासून धन्यवाद. उशिरा लिहितेय.

सासूबाईंना पलंगावर बसवलं आणि एकेक साडी हातात दिली. कुणाकडून आली ते त्या सांगत गेल्या. बऱ्याच जणी आता नाहीत. दोन संध्याकाळी गेल्या यात, पण मला त्या दोन संध्याकाळी हव्या होत्या. शेवटी त्यांनी स्वतःच 41 बाजूला काढल्या. 26 पाथरीजवळच्या मावसभावाच्या हरभऱ्याला गेल्या. 15 चांगल्या होत्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आणि त्यांच्या शेजारणींना आधी विचारलं, त्यांनी आपापल्या पसंतीनं निवडून नेल्या. कपाटात अजून 71 आहेत, घाई करत नाही. धाकट्या जावेशी ओटीचं बोलले, ती लगेच हो म्हणाली.

उमरग्याच्या ताई, रेघ सापडली. बोटाला बारीक गाठींसारखी लागते. मी स्वतः कापायला बसले आणि हात थांबला, म्हणून वहिनीला बोलावलं. तिनं कापलं. हिरवं अंग गोधडीच्या वरच्या बाजूला लावलंय, खाली माझ्या चार जुन्या सुती साड्या. लाल पदर घडी करून कपाटात ठेवलाय. कोपरा आता इस्त्री करत नाही.