लिलावातले जुने घड्याळ: डायल जुनीच ठेवावी की नवी करावी?

धागाकर्ता (गंगापूर रोड):
आजोबांचे १९५० च्या दशकातील ओमेगा घड्याळ मी मूल्यांकनासाठी एका लिलावगृहाकडे पाठवले, तेव्हा छायाचित्रे पाहून तेथील तज्ज्ञाने पहिलाच प्रश्न केला, ‘डायल कधी रंगवली?’ पंधरा वर्षांपूर्वी मीच ती हौसेने नवी करून घेतली होती. भिंगाखाली धरल्यावर मलाही दिसले, की सहाच्या खुणेखालची ‘स्विस मेड’ ही बारीक अक्षरे रंगाखाली गेली आहेत आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांपासून केसभर सरकल्या आहेत. किमतीचा अंदाज अपेक्षेच्या निम्म्याहून खाली आला. पण त्याहून अधिक सलते ते हे, की आजोबांनी रोज पाहिलेला घड्याळाचा चेहरा मी माझ्या हाताने पुसला. म्हणून माझे ठाम मत आहे, की संग्राहकाने डाग पडलेली, पिवळसर झालेली का असेना, मूळ डायलच घ्यावी.

घड्याळजी (रविवार कारंजा):
आपली हळहळ समजते, निष्कर्ष मात्र मान्य नाही. चाळीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेली बहुतेक घड्याळे मनगटावर बांधण्यासाठीच आली. चावीच्या झिजलेल्या वायसरातून पावसाळ्याची दमट हवा आत शिरते, डायलवरचा लेप फुगतो आणि त्याचे पोपडे मशीनच्या चाकांत पडू लागतात, तेव्हा ती तशीच ठेवणे याला मी जतन म्हणणार नाही. अंधारात चमकाव्यात म्हणून रेडियम हे किरणोत्सारी द्रव्य लावलेल्या जुन्या डायलचा प्रश्न तर अधिकच गंभीर आहे. अंधारात चमकणे थांबले म्हणजे धोका संपला असे अनेक जण समजतात. प्रत्यक्षात थकते ते त्यात मिसळलेले झिंक सल्फाइड, रेडियमचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे ते निम्मे होण्यास लागणारा काळ, मात्र सुमारे १६०० वर्षांचा आहे. त्याची सुटलेली पूड मी माझ्या शिकाऊ मुलाच्या नाकासमोर उघडणार नाही, मग त्या मूळपणाला लिलावात कितीही भाव येवो.

सनदी लेखापाल (इंदिरानगर):
मी घड्याळजींच्या बाजूचा आहे, पण माझे कारण निराळे आहे. ज्याला आपण मूळ म्हणतो, ते मूळ आहे हे ठरवणार कोण? नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात तपकिरी पडलेल्या डायलचे एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकचा. ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेले होते, हे २०२३ मध्ये उघड झाले आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचे खुद्द कंपनीने सांगितले. उन्हाने उतरलेल्या रंगासाठी माणसे असे पैसे मोजू लागली, की तो रंग बनवणारेही निघतात. स्वच्छ, उघडपणे नवी केलेली आणि तसे सांगून विकलेली डायल निदान खोटे बोलत नाही.

धागाकर्ता:
स्पीडमास्टरचे उदाहरण माझ्या विरोधात जाते असे मला वाटत नाही. उलट खरी जुनी डायल किती दुर्मिळ झाली आहे, हेच त्यावरून दिसते. नाण्यांचे पाहा. आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे. नाणे घासून चकचकीत केले, की त्याच्या अंगावरचा काळ जातो आणि जाणकारांच्या लेखी त्याचे मोलही उतरते, हे नाण्यांच्या कोणत्याही संग्राहकाला विचारा. मग घड्याळाला वेगळा न्याय का? पाटेक फिलिपसारखी कंपनी आपल्या दफ्तरातून घड्याळाच्या निर्मितीची आणि विक्रीची तारीख कळवते, पण आज दिसणारी डायल तीच आहे याची हमी त्या कागदातून मिळत नाही, हे मी मान्य करतो. त्यासाठी डोळा तयार करावा लागतो, आणि मी तो फार उशिरा केला. रेडियमविषयी घड्याळजींचे म्हणणे मात्र मी निमूटपणे स्वीकारतो. अशी डायल घरी उघडू नये.

घड्याळजी:
मग एवढे तरी करा. यापुढे घड्याळ ऑइलिंगला द्याल तेव्हा डायलला हात लावू नये, काटे आणि काच बदलल्यास जुने परत द्यावेत, आणि केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाला, बफ मारू नये (घासून चकाकी आणू नये), असे पावतीवर लिहून घ्या. बफ मारला की लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांच्या, धारा गोल होतात, आणि गेलेली धातू कोणालाही परत आणता येत नाही. आजोबांचे घड्याळ विकायचे नसेल तर एकदा घेऊन या. वायसर बदलून देतो, डायल आहे तशीच राहील.